इंदूर ते पुणे : विमानानं ३५ मिनिटं, गाडीनं ८ तास. हे आकडे कुठल्या ग्रहावरचे?

राजेंद्रनगरची
नमस्कार मंडळी. माघात भावाच्या मुलाची मुंज आहे, कोथरूडला. आम्ही चौघं जाणार: मी, हे, बारावीतला मुलगा (तो ऐन वेळी टांग देणार, हे मला आजच माहीत आहे) आणि माझी आई. आई ७६ वर्षांची, गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदललेत. आजीशिवाय मुंज लागणार नाही, असं भावानं फोनवर बजावून ठेवलंय.

काल रात्री अंतर शोधायला बसले. एक साइट म्हणते हवाई अंतर ५०० किमी, प्रवास ३५ मिनिटं. दुसरी म्हणते रस्त्यानं ६०० किमी, ८ तास. आमचे हे म्हणाले, "आठ तास? मग विमान कशाला, सकाळी पोहे खाऊन निघू, संध्याकाळी चहाला पुण्यात." लग्नाला बावीस वर्षं झाली, आम्ही आठ तासांत एकदाही पुण्याला पोचलेलो नाही. तर ज्यांनी हल्ली हा प्रवास केलाय त्यांनी खरं काय ते सांगा. घराच्या दारापासून दारापर्यंत.

भूगोलमास्तर
साइट खोटं बोलत नाही, फक्त भागाकार करते. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले की सरळ रेषेतलं अंतर येतं, ते खरंच ५०० च्या आसपास आहे. त्याला विमानाच्या ताशी ८५० किमी वेगानं भागलं की ३५ मिनिटं. पण तो वेग उंचावर सरळ उडतानाचा. ५०० किमीच्या प्रवासात विमान चढतं आणि लगेच उतरायला लागतं, मधला सपाट तुकडा नावापुरता. वर धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा रांगणं. कंपनी तिकिटावर छापते ती वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची. ती सव्वा तासाच्या आसपास असते, छोटं पंख्याचं एटीआर असेल तर आणखी थोडी जास्त.

गंमत म्हणजे इंदूरहून मुंबईही सरळ रेषेत ५०० च्याच घरात आहे. नकाशावर इंदूरवर कंपास टेकवून पुण्यातून वर्तुळ काढलंत तर ते मुंबईला चाटून जाईल.

रस्त्याचं ६०० म्हणजे सरळ रेषेच्या सव्वापटसुद्धा नाही. मध्ये विंध्य, सातपुडा, नर्मदा, तापी एवढं सगळं असून हा रस्ता चांगलाच सरळ आहे म्हणायचा.

भिया इंदोरी
ताई, रात्रीची स्लीपर बस पकडा. आम्ही तर नेहमी त्यानेच जाऊन राहिलो. जेवून चढायचं, झोपायचं, सकाळी संगमवाडी. प्रवास झाला हे कळतच नाही.

कोथरूडची सून (माहेर मल्हारगंज)
@भिया "जाऊन राहिलो" वाचून डोळ्यांत पाणी आलं. इथे पहिल्या वर्षी मी सासूबाईंना "मी भाजी चिरून राहिले" म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "चिरून राहिलीस म्हणजे? संपली ना चिरून?"

बसबद्दल मात्र ऐकू नका. बदललेले गुडघे घेऊन वरच्या बर्थची शिडी? खालचा बर्थ मिळाला तरी रात्री दोन वाजता कुठल्याशा ढाब्यावर बस थांबणार, तिच्या पायऱ्या उंच, खाली अंधार आणि चिखल. बारा तास म्हणतात, चौदाही होतात.

स्टिअरिंगवाला
वर्षातून पाच-सहा चकरा होतात माझ्या, कामानिमित्त. तुकड्यातुकड्यानं सांगतो, म्हणजे आठ तासांचा हिशोब कुठे फाटतो ते कळेल.

राजेंद्रनगर ते धुळे साधारण २६० किमी. राऊ, मानपूर, खलघाट, जुलवानिया, सेंधवा, बिजासन, शिरपूर, सोनगीर. सगळा चौपदरी. साडेचार तास धरा, चहा धरून पाच. साइटच्या सरासरीनं साडेतीनच व्हायला हवेत, म्हणजे तासभर इथेच गेला.

धुळे सोडलं, लळिंगचा किल्ला मागे पडला की पन्नासेक किमीवर मालेगाव. तिथे ठरवायचं. एक फाटा मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी, राहुरी, नगर, शिरूर, वाघोली. दुसरा चांदवड, नाशिक, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण. नगरचा पंधरा-वीस किमीनं कमी, नाशिकचा रस्ता चांगला.

आता तुमचा माघ. म्हणजे उसाचा हंगाम. कोपरगावपासून राहुरीपर्यंत आणि पुन्हा शिरूरकडे उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, असला तर ऊस त्याच्यावर लोंबतोय. मनमाड ते नगर हा पट्टा मी कितीदा "आता झाला चांगला" म्हणून घेतला आणि कितीदा खड्डे मोजत गेलो ते विचारू नका. गुरुवार आणि शनिवार-रविवार असेल तर वर शिर्डीची गर्दी. आणि वाघोलीत पोचलात म्हणजे पुणे आलं असं समजू नका. तिथून कोथरूड संध्याकाळी दीड तास सहज.

माझी सरासरी: नगरमार्गे ११ ते १२ तास, नाशिकमार्गे ११ ते साडेअकरा. जेवणाचा थांबा धरून. आठ तास एकदाच झालेत, २०२० साली, पास काढून, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं तेव्हा.

तात्या रामबागवाले
सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे घाईत असता म्हणून आधीच सांगतो, माझा प्रतिसाद लांब आहे.

आपण रोज "एबी रोड, एबी रोड" म्हणतो. पलासिया एबी रोडवर, गीता भवन एबी रोडवर. त्यातल्या ए म्हणजे आग्रा आणि बी म्हणजे बॉम्बे हे नव्या मुलांना विचारून पाहा. पण इंग्रजांच्या आधीपासून ही दख्खन आणि माळव्याची येण्याजाण्याची वाट आहे. आपले पूर्वज याच वाटेनं इकडे आले, आणि आता आपण मुंजीला चाललो की याच वाटेनं परत जातो. सेंधव्याचा किल्ला रस्त्याच्या कडेला आहे तो उगाच नाही, घाटाच्या तोंडाशी चौकी हवी म्हणून आहे. धामनोदहून जेमतेम तेरा-चौदा किमी आत गेलं की महेश्वर, अहिल्याबाईंची राजधानी. चांदवडला होळकरांचा रंगमहाल. राजगुरुनगरजवळ वाफगावला यशवंतराव होळकरांचा जन्म, तिथला किल्ला अजून उभा आहे. आणि नगरमार्गे गेलात तर अहिल्याबाईंचं माहेर चौंडी त्याच जिल्ह्यात. जिल्ह्याला आता त्यांचंच नाव आहे. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांचं संशोधन मंडळ आहे.

बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. ते ठिकाण या रस्त्यापासून आडबाजूला आहे, पण खलघाटचा नर्मदेवरचा पूल ओलांडताना मला दर वेळी आठवतं.

सांगायचं ते हे की आईंना विमानात कोंबून न्याल तर त्यांना खिडकीतून ढग दिसतील. गाडीनं नेलंत तर नर्मदा दिसेल. नाशिकमार्गे जा, चांदवडला थांबा.

भिया इंदोरी
तात्या, इतक्या ठिकाणी थांबून मुंज नाही, सोडमुंज गाठतील ताई.

खिडकीजवळची सीट
मी विमानाच्या बाजूची. कामच प्रवासाचं आहे, महिन्यातून दोनदा इंदूर-पुणे होतं. दारापासून दारापर्यंतचा खरा हिशोब असा:

राजेंद्रनगर ते विमानतळ नऊ-दहा किमी, अर्धा तास. काउंटर सुटण्याच्या एक तास आधी बंद होतं, त्यामुळे पावणेदोन तास आधी पोचा. व्हीलचेअर असेल तर दोन. विमान सव्वा तास. लोहगावला बॅगा आणि बाहेर पडणं अर्धा तास. नवं टर्मिनल २०२४ च्या जुलैत सुरू झालं, छान आहे, पण टॅक्सी पकडायला समोर एरोमॉलच्या पार्किंगमध्ये जावं लागतं, हे आईंना आधी सांगून ठेवा. मग लोहगाव ते कोथरूड, पंधरा-सोळा किमी, वेळ देवाच्या हातात. बेरीज साडेपाच ते सहा तास. त्यातले हवेत पन्नासेक मिनिटं.

आता गुडघ्यांबद्दल. माझ्या आईचे झालेत म्हणून माहीत आहे. सुरक्षा तपासणीच्या चौकटीत गुडघे वाजणारच. घाबरायचं नाही, शस्त्रक्रियेचं कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद पर्समध्ये वर ठेवायचा, महिला कर्मचारी आडोशाला हातानं तपासतात. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, विमानतळावर जाऊन नको. पुढची, पाय पसरता येतील अशी सीट थोडे पैसे देऊन घ्या. आपत्कालीन दाराजवळची सीट त्यांना देणार नाहीत. एटीआर असेल तर त्याला एरोब्रिज लागत नाही, खाली उतरून चढावं लागतं. पायऱ्या मोजक्याच असतात, पण आपण मदतीला शेजारी असलेलं बरं.

सामान: हातात ७ किलो, पोटात बहुतेक १५. लोणचं, तूप वगैरे सगळं मोठ्या बॅगेत. लौंगी शेव हातातल्या पिशवीत चालते, फक्त तिचंच चार किलो करू नका. मी केलं होतं.

कोथरूडची सून (माहेर मल्हारगंज)
चार किलो शेव इथे दोन दिवस पुरत नाही, सांगून ठेवते. आधी "आम्ही नाही बाई असलं तिखट खात" म्हणतात आणि मग डबा रिकामा.

संध्याछाया
जानेवारी-फेब्रुवारीत सकाळचं विमान शक्यतो नको. धुकं इंदूरला फार नसलं तरी विमान दिल्लीहून यायचं असेल तर ते तिथेच अडकतं आणि आपण इथे चहा पीत बसतो. दुपारचं घ्या.

हिशेबी माणूस
पैशाचं कोणी बोलतच नाही? ६०० किमी, गाडी लिटरला पंधरा देत असेल तर ४० लिटर पेट्रोल. शंभराच्या वरचा भाव धरला की चार हजारांच्या वर एका बाजूचे, फास्टॅगमधून जातील ते वेगळे. चौघांत वाटले तर माणशी बसपेक्षा स्वस्त. विमान चौघांचं वेळेवर काढलंत तर याच्या कितीतरी पट. पण महिनाभर आधी आणि आठवड्याच्या मधल्या वारी पाहिलंत तर फरक पुष्कळ कमी होतो. मुंज कुठल्या वारी आहे?

राजेंद्रनगरची
रविवारी. अर्थात.

नवा सदस्य ४७
रेल्वेनं का नाही जात? आडवं पडता येतं, बाथरूम असतं. वयस्कर माणसांना तेच बरं.

भूगोलमास्तर
सूचना चांगली, पण ही गाडी जाते कशी बघा. इंदूर, देवास, उज्जैन, रतलाम, मग बडोदा, सुरत, वसई, कल्याण आणि मग पुणे. दक्षिणेला जायचं म्हणून आधी उत्तरेला आणि पश्चिमेला. सगळं मिळून पावणेदहाशे किमी भरतं, म्हणजे सरळ रेषेच्या जवळजवळ दुप्पट. सोळा-सतरा तास. हातानं नाक दाखवायचं तर हात मानेमागून फिरवून आणलाय.

कारण साधं: इंदूरहून सरळ दक्षिणेला खानदेशात उतरणारी ब्रॉडगेज लाइनच नाही. इंदूर-मनमाड मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. ३०९ किमी, ३० नवी स्थानकं, १८,०३६ कोटींचा खर्च. धार, खरगोन, बडवानी, धुळे, नाशिक या जिल्ह्यांतून. तो झाला की मनमाड, दौंडमार्गे पुणे सव्वासहाशे किमीच्या आत येईल. म्हणजे साडेतीनशे किमीचा वळसा वाचला.

तात्या रामबागवाले
या लाइनची बातमी माझ्या वडिलांनी मला वाचून दाखवली होती. मी नातवाला वाचून दाखवली. मंजुरी मिळाली हे खरं, आता गाडीत बसायला मी असेन का ते पाहायचं.

स्टिअरिंगवाला
एक राहिलं, आणि हे गमतीत घेऊ नका. इंदूरहून जाताना दोन्ही मोठे घाट आपल्याला उताराचे लागतात. आधी विंध्याचा, मानपूरनंतर नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारा. तिथला गणेश घाट ट्रकांचे ब्रेक फेल होण्यासाठी बदनाम होता, आता त्याला वळसा घालणारा नवा रस्ता झालाय. मग सातपुड्याचा बिजासन. २०२३ च्या जुलैत त्या उताराच्या पायथ्याशी, पळासनेरला, ब्रेक गेलेला कंटेनर गाड्यांना उडवत थेट हॉटेलात घुसला होता, दहा माणसं गेली. त्यामुळे घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही, आणि मागच्या आरशात बघत. लोडेड ट्रकच्या पुढे राहायचं नाही, त्याला जाऊ द्यायचं. बिजासन दिवसाउजेडी पार करा. पहाटे पाचला निघालात तर साडेआठच्या सुमारास तिथे असाल, ऊन नीट पडलेलं असतं.

नवा सदस्य ४७
बिजासन तर विमानतळाजवळ आहे ना? टेकडी, देवीचं मंदिर? तिथे कुठला आलाय घाट?

भिया इंदोरी
दोन बिजासन आहेत भाऊ. एक टेकडी, जिथून विमान उडतं. एक घाट, जिथून ट्रक उडतो. देवी दोन्हीकडे आहे.

कोथरूडची सून (माहेर मल्हारगंज)
ताई, आणखी एक पर्याय लोक सांगतील म्हणून आधीच खोडते: मुंबईला विमानानं या आणि द्रुतगती मार्गानं पुण्याला. करू नका. द्रुतगती मार्ग फक्त ९४.५ किमी आहे हे खरं, पण त्याच्या अलीकडे मुंबई आहे आणि पलीकडे पुणं. खंडाळ्याला शनिवारी अडकलात तर वाहनांचे लाल दिवे बघत मुंजीची मंगलाष्टकं फोनवर ऐकाल.

माझं मत: जाताना विमान, कारण मुहूर्त आहे. येताना जमलं तर गाडी, कारण येताना मुहूर्त नसतो.

राजेंद्रनगरची
हे पटतंय. भाऊ म्हणतोय त्याच्या गाडीनं सोडायला येईन, आठ दिवस त्यालाही इंदूरला राहायचंय. (त्याला सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जायचंय.) आईला विचारलं, विमान की गाडी. तर म्हणाली, "नर्मदा कशात लागते?"

---

राजेंद्रनगरची (तीन आठवड्यांनी)
कबूल केल्याप्रमाणे वेळा लिहून आणल्या. मुलानं टांग दिली, आम्ही तिघं गेलो.

जाताना, विमान, शुक्रवार. घर सोडलं ११:४०. विमानतळ १२:१०. तपासणीत आईचे गुडघे वाजले, दोन्ही, वेगवेगळे. कार्ड दाखवलं, दोन मिनिटांत मोकळी. विमान १:५५ चं, हललं २:२०. संध्याछाया म्हणाल्या तसंच झालं, मागचं विमान उशिरा आलं होतं. पुण्यात दार उघडलं ३:३५ ला. व्हीलचेअर आणि बॅगा ४:०५. कोथरूडला भावाच्या दारात ५:३०. एकूण पाच तास पन्नास मिनिटं. शेवटच्या सोळा किमीला विमानापेक्षा जास्त वेळ लागला, टॅक्सी शोधणं धरून. आईला हवेत सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे शेजारच्या मुलानं तिला खिडकी दिली. ढग नव्हते, तात्या. खाली रेघ दिसली पाण्याची, ती नर्मदाच असं तिनं ठरवलं. आम्ही कोणी तापी म्हटलं नाही.

येताना, गाडी, बुधवार. भाऊ चालवत होता. कोथरूड ५:३० पहाटे. वाघोली ६:२०. नगर ८:१५, चहा धरून. शिर्डी १०:१५, म्हणजे ८३ किमीला दोन तास, सगळा ऊस. एका ट्रॉलीमागे आम्ही इतका वेळ होतो की आईनं कांड्या मोजायला घेतल्या. मनमाड ११:३०. धुळे १:१५, शेवभाजी आणि भाकरी, मी डोळे पुसत जेवले. २:०५ ला निघालो. बिजासन येताना चढाचा, काही त्रास नाही. सेंधवा ३:५०. खलघाट ५:००. घर ७:००.

साडेतेरा तास. दर दोन तासांनी आईला उतरवून चार पावलं चालवत होतो, डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. पाय सुजले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ती दुपारपर्यंत झोपून होती. मीही.

खलघाटला चाळीस मिनिटं गेली. घाटाच्या पायऱ्या तिला झेपणाऱ्या नव्हत्या. भाऊ खाली जाऊन बाटलीत पाणी घेऊन आला, तिनं गाडीत बसूनच डोळ्यांना लावलं आणि उरलेलं माझ्या हातात दिलं, घरच्या तुळशीला घाल म्हणाली. मग भावाला म्हणाली, आता हळू चालव, घाई काय आहे.

स्टिअरिंगवाला
नगरमार्गे का आलात पण? मी लिहिलं होतं ऊस आहे म्हणून.

राजेंद्रनगरची
भावाला शिर्डीला कळसाचं दर्शन घ्यायचं होतं. गाडीतूनच घेतलं.

तात्या रामबागवाले
म्हणजे चांदवड राहिलं.

राजेंद्रनगरची
हो तात्या.

तात्या रामबागवाले
बरं. पुढच्या मुंजीला.

नवा सदस्य ४७
इंदूर-नागपूरचं कोणी असंच सांगेल का? लग्न आहे, आजोबा बरोबर आहेत, साइट सात तास म्हणते.

भिया इंदोरी
वेगळा धागा काढ भाऊ. आणि आजोबांना आधी विचार, वाटेत काय लागतं ते.